सकाळचा पहिला नंबर

आमच्या भागात रेडिएशनला शेक म्हणतात. "किती शेक सांगितलेत?" असं विचारलं जातं आणि "पंचवीस" असं उत्तर आलं की विचारणारा आदरानं मान हलवतो. पंचवीस शेक म्हणजे आजार मोठा, दवाखाना मोठा आणि घरच्यांची मायाही मोठी. त्यामुळे आजाराच्या शेवटी, नुसतं दुखणं कमी करण्यासाठी मी जेव्हा एकच शेक सांगते, तेव्हा समोरच्यांना वाटतं, बाईंनी हात आखडता घेतला.

मी लातूरच्या एका दवाखान्यात शेक देणारी डॉक्टर आहे. माहेर नांदेडचं. आई तिथं एकटी असते म्हणून शनिवारी दुपारी मी नांदेडला जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. बाकीचे पाच-सहा दिवस मशीन, फायली आणि पेशंटच्या मुलांशी वाद. मुलांशी वाद घालण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

या कामातला एक भाग असा आहे की समोरचा माणूस अजून किती दिवस आहे, याचा अंदाज बांधावा लागतो. हौस म्हणून नव्हे. शेकाचा गुण लगेच येत नाही. कुणाला चार दिवसांत येतो, कुणाला तीन-चार आठवडे लागतात. तोवर माणूस राहणारच नसेल तर त्याला उचलून मशीनखाली आणण्यात अर्थ नाही, आणि राहणार असेल तर त्याला दुखण्यात ठेवणं पाप. यासाठी तक्ते असतात. किती चालतो, किती खातो, दिवसाचा किती वेळ अंथरुणात जातो, रक्तात काय, आजार कुठंकुठं गेलाय. मी ते सगळं भरते. मग फायलीच्या आतल्या पानावर, कोपऱ्यात, पेन्सिलीनं माझा स्वतःचा अंदाज लिहिते. माणूस गेल्याचं कळलं की शेजारी खरे दिवस लिहिते. ही सवय मला कुणी लावली नाही आणि तिचा मला अभिमानही नाही. पानं चाळली की दिसतं, मी बहुतेकांना ते जगले त्यापेक्षा जास्त दिवस दिलेले असतात. लोक याला डॉक्टरचं मऊ मन म्हणतात. चुकीला चूक म्हणावं, असं माझं मत आहे.

एकदा मात्र उलटं झालं. बिलोलीकडची एक मनियार बाई होती, गावोगाव फिरून बांगड्या भरणारी. आजार खुब्याच्या हाडात उतरला होता, रक्त कमी, चेहरा उतरलेला. मी कोपऱ्यात "तीन आठवडे" लिहिलं, तिच्या लेकीला तसं सांगितलं आणि शेक न देता गोळ्या देऊन घरी पाठवलं. चार महिन्यांनी बाई काठी टेकत माझ्या दारात उभी.

"काय डॉक्टरीणबाई, तीन हप्ते मनला होता न्हवं? म्या हाव की अजून!"

बाकड्यांवरचे सगळे हसले. मीही हसले. मग खुर्चीत बसताना तिच्या तोंडून जो आवाज आला त्यानं माझं हसू गेलं. चार महिने ती एकाच कुशीवर झोपत होती आणि बांगड्या भरायला खाली बसणं तर दूरच राहिलं होतं. त्या दिवशी मी तिला एक शेक दिला, फक्त एक. पंधरवड्यानं तिच्या लेकीचा फोन आला, अम्मा बसून बांगड्या भरायला लागली म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता. मला माझाच इतका राग आला की मी त्या पोरीशी धड बोललेही नाही.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. मी ताक फुंकत बसले आणि पुढचं दूध तसंच ओठाला लावलं.

ते पुढचं दूध म्हणजे चाकूरचे एक दुकानदार. विळे, कुदळी, खिळे, दोरखंड अशा सामानाचं दुकान, वय सत्तरीच्या पुढं. लिंगायत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, धोतराची कडक घडी. फुप्फुसाचा आजार कमरेच्या दोन मणक्यांत उतरला होता. गुरुवारी दुपारी तीनला ते मुलाच्या हाताला धरून, दारापासून खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत आले. मागं सून होती, हातात फायलीची पिशवी आणि पाण्याची बाटली घेऊन ती दाराशीच थांबली. मी मुलाला प्रश्न विचारले आणि मुलानं उत्तरं दिली. हे असंच चालतं, पुढं बसलेल्याला विचारायचं.

"खातात का?"

"खातात की. दोन टाइम भाकरी वाढतो आम्ही."

"चालतात?"

"तुमच्या म्होरंच आले न्हवं का चालत."

"दिवसा झोपून असतात?"

"दुपारी जरासं पडतेत. वय हाय ना, मॅडम."

मग म्हाताऱ्यांनी हात वर करून मुलाला थांबवलं.

"माय, मला एकच इचारायचंय. बसता येईल का?"

त्यांचं म्हणणं असं होतं. रोज सकाळी आंघोळ करून मांडी घालून बसायचं, लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची. लहानपणी दीक्षा झाली तेव्हापासून एक दिवस चुकलेला नाही. गेले तीन आठवडे मात्र बसलं की कमरेत कळ उठते, म्हणून पूजा आडवं पडून चालली होती.

"देव हातात अन् म्या आडवा," ते म्हणाले. "बरं दिसत न्हाई."

किती दिवस जगेन, हे त्यांनी विचारलं नाही. बरं होईन का, तेही नाही. इतकं नेमकं मागणं माझ्यापुढं क्वचित येतं. मला ते माणूस म्हणून आवडले, आणि तिथंच माझं गणित बिघडायला सुरुवात झाली.

तक्ता भरला तर तो कमीच सांगत होता. यकृतावर डाग होते, वजन झपाट्यानं उतरलं होतं, रक्ताचे आकडे वाईट होते. पण समोर तर माणूस चालत आलेला, नीट बोलणारा, भाकरी खाणारा. आणि डोक्यात ती बांगड्यावाली. मी कोपऱ्यात "तीन महिने" लिहिलं. त्याच्या शेजारी आता "सोळा दिवस" लिहिलेलं आहे.

मुलाला मी म्हटलं, दुखण्यासाठी एक शेकही पुरतो. त्याचा चेहरा पडला.

"एका शेकानं काय होतंय, मॅडम? पुरा कोर्स द्या. एका दिवसात वापस आणलं तर लोक काय मनतील, लेकानं टाळलं मनतील."

एरवी मी इथं भांडते. एकाच शेकानं दहा शेकांइतकाच दुखण्याला उतार पडतो, फार तर पुढं पुन्हा द्यावा लागतो, हे सगळं मला पाठ आहे. त्या दिवशी मी भांडले नाही. तीन महिने राहणार आहेत, मध्येच दुखणं उलटायला नको, दहा दिले तर बरंच, असं मी स्वतःलाच पटवलं. आणि वर एक उपकारही केला. आमच्या मशीनवर नंबरासाठी लोक तासन्‌तास बाकड्यावर बसतात. कण्याचं दुखणं घेऊन बाकड्यावर बसणार कसं? म्हणून मी आतल्या माणसाला सांगून त्यांना सकाळचा पहिला नंबर काढून दिला. ठीक आठला या, लगेच शेक, नऊच्या आत मोकळे. मुलानं हात जोडले. दाराशी उभ्या सुनेनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला ते दिसलं होतं. मी पुढची फाईल ओढली.

सोमवारी शेक सुरू झाले. जीपमध्ये मागच्या सीटा काढून गादी टाकली होती. सोमवार, मंगळवार बरे गेले. बुधवारी मशीनवरचा आमचा माणूस सांगत आला की आजोबा टेबलावर फार कण्हतात, स्थिर राहवत नाही त्यांना. सुरुवातीच्या शेकांनी कधीकधी दुखणं वाढतं, म्हणून मी गोळीचा डोस वाढवला. ओठ सुकलेले दिसले म्हणून पाणी पाजा म्हणाले. सिस्टरनी चहा आणला तर म्हाताऱ्यांनी दोन्ही हात जोडून नको म्हटलं.

"नाश्ता करून आणता ना?" मी मुलाला विचारलं.

"हाव, हाव," तो म्हणाला.

गुरुवारी ते खुर्चीवरून आले, शुक्रवारी स्ट्रेचरवरून. पुढच्या सोमवारी, सहाव्या शेकाला, मुलगा जीप लावायला गेलेला असताना मी स्ट्रेचरपाशी गेले. ते डोळे मिटून पडले होते आणि श्वासाबरोबर बारीक कण्हत होते. जवळ सून एकटीच होती.

"गोळी किती वाजता दिली?"

ती त्यांच्या अंगावरची चादर सारखी करू लागली.

"अगं, विचारतेय मी. वाढवलेली गोळी सकाळी दिली की नाही?"

"न्हाई दिली."

"का?"

"मामा पूजा झाल्याबिगर तोंडात पाण्याचा थेंब घेत न्हाईत. मंग गोळी कशी घेतेन?"

"पूजा कधी होते मग?"

"घरी गेल्यावर. अकरा वाजतेत, कवा बारा." ती खाली बघूनच बोलत होती. "सहाला निघावं लागतंय. त्यांची आंघोळ मनजे दीड घंटा जातोय, अंग हलवू देत न्हाईत. पहिले दोन दिवस चारला उठवलं. मंग न्हाई जमलं त्यांच्यानं."

म्हणजे बुधवारपासून हा माणूस आदल्या रात्रीच्या जेवणावर, पाण्याच्या घोटाशिवाय, दुखण्याच्या गोळीशिवाय जीपमध्ये आडवा पडून लातूरला येत होता, माझ्या टेबलावर कण्हत होता आणि तसाच परत जात होता. ज्या पूजेसाठी त्याला बसायचं होतं, तिची वेळच मी काढून घेतली होती.

"अगं मग सांगायचं नाही का?" माझा आवाज सगळ्या बाकड्यांना ऐकू गेला. "दुपारचा नंबर दिला असता की मी!"

"तुम्ही आपणहून पहिला नंबर काढून दिला, मॅडम. माघं इतके लोक बसलेले. देणाऱ्याला नको कसं मनावं?"

मीही इथलीच. कुणी आपणहून पुढं केलेलं ताट मागं सारायचं नाही, हे मलाही आईनं शिकवलंय. आणि जन्म लिंगायतांच्या शेजारी गेलेल्या मला, पूजेआधी पाणी चालत नाही हे माहीत नव्हतं असंही नाही. मी विचार केला नव्हता एवढंच. तिच्यावर ओरडायचा मला काही अधिकार नव्हता. ओरडून झाल्यावर मग मी तिला ते विचारलं, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

"खातात किती?"

"पूजा झाल्यावर दोन चमचे दूध, रातच्याला दोन चमचे काला. तेबी म्या बळंच घालते."

"आणि भाकरी?"

"वाढतेत ताटात. तशीच उचलून ठेवते म्या." मग ती स्वतःच म्हणाली, "त्या गुरुवारी तुमच्या गेटवर ह्यांनी दोन गोळ्या संगट दिल्या होत्या. हे मनले, निजलेला माणूस बघून मॅडम शेक देत न्हाईत. म्हणून चालवत आणलं."

त्या गुरुवारी मुलगा शब्दशः खोटं बोलला नव्हता. भाकरी वाढतो म्हणाला होता, ती वाढली जात होतीच. दिवसभर दुकानात असणाऱ्या माणसाला मी जेवणाचं विचारलं आणि जी भरवत होती तिला दाराशी उभं ठेवलं. चुकीचं भरलेला तक्ताही कमीच सांगत होता, आणि मी त्याचंही ऐकलं नव्हतं.

आता तीन महिने नव्हते. दिवस होते, हाताच्या बोटांवर. मुलगा आला तसं मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता शेक बंद, यांना घरी ठेवा.

"चारच राह्यलेत की," तो म्हणाला. "अर्ध्यात कसं सोडायचं?"

मी त्याला सगळं सरळ सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून रडला. त्याची मला चीड आली नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण एरवी मला मुलांची फार चीड येते. मीही त्याच्यासारखीच चूक केली होती आणि माझ्याकडं तर शिक्षण होतं.

दुखण्याच्या औषधाची चामडीवर चिकटवायची पट्टी मिळते. तिला ना पाणी लागतं ना जेवण. ती मी स्वतः म्हाताऱ्यांच्या छातीला लावली. ही अक्कल मला आठ-दहा दिवस आधी यायला हवी होती.

"अप्पा, उद्यापासून इथं यायचं नाही," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. "मंग सकाळ घरीच," ते म्हणाले. राग नाही, तक्रार नाही. मला मात्र त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शुक्रवारी मी सुनेला फोन केला.

"काल मनले, बसवा," ती सांगू लागली. "ह्यांनी माघून धरलं, म्या पुढून. दुखलं न्हाई, मॅडम. खरंच न्हाई दुखलं, म्या इचारलं दोनदा. पण मान धरंना. हातातलं लिंग घसराया लागलं. मंग तेच मनले, निजवा."

म्हणजे शेकाचा गुण आला होता. किंवा पट्टीचा, कोण जाणे. दुखणं गेलं तेव्हा बसायची ताकद राहिली नव्हती, आणि तिच्यातली बरीचशी चाकूर-लातूर रस्त्यावर सांडली होती. पहिल्या सोमवारी दुपारी एक शेक देऊन मी त्यांना घरी पाठवलं असतं तर एखाद्या सकाळी ते बसले असते का? हे सिद्ध करता येत नाही. आमच्या डॉक्टरांच्या बैठकीत कुणी असं म्हणालं असतं तर मीच त्याला गप्प केलं असतं. पण मला वाटतं, बसले असते. फोन ठेवल्यावर मला लाज वाटली, आणि पुढचे तीन पेशंट मी नीट ऐकलेच नाहीत.

नांदेडचा रस्ता चाकूरवरूनच जातो. शनिवारी निघताना मी दोन पट्ट्या पर्समध्ये टाकल्या, जाताजाता द्याव्यात म्हणून. दुकान बंद होतं. घरासमोर खुर्च्या मांडलेल्या आणि पुरुष डोक्याला टॉवेल गुंडाळून उभे. सकाळी नऊला गेले, असं कुणीतरी सांगितलं. मी परत फिरणार होते. डॉक्टर दारात आलेली अशा वेळी बरी दिसत नाही. पण मुलानं पाहिलं आणि आत बोलावलं.

लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. अशा यात्रा मी लहानपणापासून रस्त्यावर बघितल्या आहेत. घरात, बसवत असताना, मात्र कधी नव्हते. ओसरीवर भिंतीला फळी लावली होती. आंघोळ झालेली, अंगभर विभूती, नवं धोतर. दोघांनी पाय दुमडून मांडी घातली. मुलगा मागून काखेत हात घालून त्यांना वर ओढत होता, छातीवरून कापडाचा पट्टा फळीला बांधायचा होता, आणि विधी करणारे स्वामी त्यांच्या तळहातावर ठेवायचं लिंग घेऊन थांबले होते. कंबर अजून टेकली नव्हती, तोच मुलानं त्यांना एका हिसक्यात सरळ केलं.

"हळू!" मी ओरडले. "कमरेला आधार द्या आधी!"

सगळे माझ्याकडं बघू लागले. स्वामीही. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

"आता न्हाई दुखत, मॅडम," सून म्हणाली. पण ती पुढं झाली, सासऱ्यांच्या कमरेमागं तळहात घातला, आणि ते नीट टेकून बसेपर्यंत काढला नाही.